गार हवेचा हिशेब

दिवाळी अंकासाठी लिहिताना विषय सणाला शोभेल असा घ्यावा, असे संपादकांनी दर वर्षीप्रमाणे यंदाही कळवले आहे. तसे विषय माझ्याकडे नाहीत असे नाही. अनारसा तुपात का हसतो, यावर मी डोळे मिटून दोन पाने लिहीन. पण वर्षभर या सदरातून तुमच्याशी गप्पा मारायच्या आणि वर्षातली सर्वांत मोठी घटना मात्र तुमच्यापासून चोरून ठेवायची, हे काही मला प्रशस्त वाटत नाही. ती घटना आमच्या मोटारीच्या बॉनेटखाली घडली.

'मोटार' या शब्दाने वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. ती अकरा वर्षांची आहे आणि आमच्याकडे दुसरेपणावर आलेली आहे. निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका प्राध्यापकांकडून आम्ही ती घेतली, तीही हौसेने नव्हे, सासूबाईंच्या दम्यापायी. आम्ही वारजे येथे राहतो. घराच्या गच्चीवरून मुंबई-बंगळूर महामार्ग दिसतो, म्हणजे असा जाहिरातीत उल्लेख होता. न दिसताही तो ऐकू येतो, आणि न ऐकताही त्याची धूळ घरात येते, हे जाहिरातीत नव्हते. २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर चांदणी चौकातला जुना पूल सुरुंग लावून पाडला, तेव्हा सारे पुणे दूरचित्रवाणीसमोर जागे होते. आमच्या घरी सासूबाई वाफारा घेत जाग्या होत्या. दर पंधरा दिवसांनी त्यांना कर्वे रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. रिक्षात बसले की परतताना डॉक्टरांनी दिलेला गुण वाटेतच संपतो. म्हणून काचा लावता येतील असे वाहन हवे होते. लोक म्हणतात, मोटारीत गार हवा म्हणजे चैन. आमच्याकडे खिडकी उघडी ठेवणे ही चैन आहे आणि ती सासूबाईंना परवडत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात हवा गार येईनाशी झाली. महामार्गाच्या कडेला एकाने टोपण उघडून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, गॅस संपला." अठराशे रुपये देऊन मी गॅस भरून घेतला. पेट्रोल संपते तसा गॅसही संपत असणार, अशी माझी भाबडी समजूत. दुसऱ्या उन्हाळ्यात दुसऱ्या एकाने दोन हजारांत भरला. तो दोन महिने टिकला. यंदा होळीच्या सुमारास तिसऱ्याने बावीसशेत भरला आणि तो गुढीपाडव्याला राम म्हणाला. तरी मी बटण दाबून गाडी हाकतच होते. थोडी गार हवा येते, तेवढी येऊ दे, असा माझा हिशेब.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी डॉक्टरांकडून परतताना हायवेच्या पुलाखाली आम्ही अडकलो. पुढे डंपर, मागे पाण्याचा टँकर. एकाएकी बॉनेटखालून जात्यात खडा सापडावा तसा आवाज आला, मग कर्कश किंकाळी, मग एकदम शांतता. त्या शांततेत समोरच्या जाळीतून गरम हवेचा लोट आला. दोन मिनिटांत गाडीची भट्टी झाली. मी काच खाली केली आणि डंपरचा सगळा धूर आत आला. सासूबाईंनी पदर नाकाशी धरला. त्यांच्या छातीतून ती बारीक शीळ सुरू झाली, जी ऐकू आली की मला व्याकरण, वाङ्मय, काही आठवत नाही. काच लावली तर उष्म्याने जीव जातो, उघडली तर धुळीने. फवाऱ्याचे दोन झोत त्यांनी घेतले, तिसरा घेताना हात थरथरला. वारजे चौकापासून घर चालत दहा मिनिटांवर; त्या दिवशी पाऊण तास लागला. घरी पलंगावर टेकल्यावर, बोलण्याइतका श्वास आल्यावर त्या म्हणाल्या, "गाडीला काय झालं गं?" स्वतःला काय झाले होते ते विचारण्याची त्यांच्या पिढीत पद्धत नाही.

गाडीला काय झाले होते, याचे उत्तर मिळवायला मी प्रथम अधिकृत दुकानात गेले. तेथे थंडगार खोलीत बसवून मला कॉफी दिली आणि 'सर आले नाहीत का?' असे विचारले. सर चाकणच्या कारखान्यात असतात आणि त्यांना गाडीतले स्टिअरिंग तेवढे ओळखता येते, हे मी सांगितले नाही. अर्ध्या तासाने एक छापील कागद आला. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, अमुक व्हॉल्व्ह, तमुक पाइप, मजुरी, एकूण अडतीस हजार चारशे. कोणीही काहीही उघडून पाहिले नव्हते. मी विचारले, "बिघडलंय नक्की काय?" तो तरुण सौजन्याने म्हणाला, "मॅम, आम्ही पूर्ण सेटच बदलतो."

कॉम्प्रेसरला परिभाषेच्या पुस्तकांत 'संपीडक' असा शब्द आहे. आम्हां मराठीच्या माणसांनाच असे शब्द सुचतात, म्हणून इतकी वर्षे मी त्याला हसत असे. त्या कागदाकडे पाहताना मला त्याची व्युत्पत्ती पटली: जो सम्यक पीडा देतो तो.

येथे माझ्या अर्थव्यवस्थेविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. मी एम. ए. आहे, बेचाळिसाव्या वर्षांत आहे आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास, तितका मोबदला. मे महिन्यात तास नाहीत म्हणून मोबदला नाही. आणि ज्या महिन्यांत तास असतात त्यांचा मोबदलाही त्या महिन्यांत येतोच असे नाही. गेल्या सत्राची बिले मी तीनदा लिहून दिली आहेत. 'ह्यांचा' पगार घराच्या हप्त्यांच्या पुरात वाहून जातो. सुटीचे महिने निभावण्यासाठी मी वर्षभर बाजूला टाकलेले पंधरा हजार, हा माझा सारा खजिना. 'हे' म्हणाले, "आपण लहानपणी लाल एस्टीने कोकणात जात नव्हतो का? खिडक्या उघडायच्या." मी काही बोलले नाही. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला आणि त्यांनीच विषय बदलला.

मग मी पुण्यात कॉम्प्रेसर शोधत हिंडले. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात साडेचार हजाराला एक मिळत होता. 'चालू गाडीतला काढलाय,' असे विक्रेता छातीवर हात ठेवून सांगत होता. चालू गाडीतला चालू कॉम्प्रेसर कोणी का काढील, हे मला कळेना. हमी किती, असे विचारल्यावर त्याने रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवले, तिथपर्यंत. नाना पेठेत नवा पण दुसऱ्या नावाचा नऊ हजार आठशेला होता. जुना खोलून आतले भाग बदललेला सात हजारांत मिळत होता. खरे म्हणजे या पुण्यात १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक स्थापन झाली. कॉम्प्रेसर हे या गावाला वाडा आणि वडापावाइतकेच परिचयाचे असायला हवेत. पण ते मोठ्या कारखान्यांचे. माझ्या नारळाएवढ्या कॉम्प्रेसरची चिंता मलाच होती.

शेवटी माळवाडीच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, फक्त गाड्यांच्या एसीचेच काम करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ भेटले. त्यांचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर त्यांच्या दारात रांग लागेल आणि माझाच नंबर मागे जाईल. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी विचारले, "ताई, आवाज आला होता का? कसा आला? त्याच्या आधी गॅस कितीदा भरला?" सासूबाईंचे डॉक्टरही पहिल्या दिवशी असेच विचारत होते. मी तीनही वर्षांची हकिगत सांगितली. तिसऱ्यांदा गॅस भरल्याचे सांगितले तेव्हा ते नुसते 'हं' म्हणाले. त्या 'हं'मध्ये जे होते ते अडतीस हजारांच्या कागदात नव्हते.

त्यांनी आधी फ्यूज पाहिला, मग रिले, मग क्लचला वीज पोचते का ते पाहिले. "कित्येकदा एवढंच असतंय आणि लोक कॉम्प्रेसर बदलून बसतात." ते सारे ठीक निघाले. मग इंजिन बंद असताना कॉम्प्रेसरची पुढची चकती हाताने फिरवायला घेतली. ती फिरेना. गॅस पुरा काढून घेऊन पाइप सोडला आणि आत पांढरी चिंधी फिरवून माझ्यासमोर धरली. चिंधी काळी झाली होती आणि त्या काळ्यात चांदीचा वर्ख चमकत होता.

"हा गेला," ते म्हणाले. "हे त्याच्याच पोटातलं चूर्ण आहे."

मग बाकावर बसवून त्यांनी मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगते. घरचा माठ पाणी का गार करतो? बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. पण माठाची वाफ गेली ती गेली. रोज पाणी भरावे लागते. गाडीत गृहिणीची काटकसर आहे. डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये गॅसची वाफ झाली की ती सोडून देत नाहीत. कॉम्प्रेसर तिला ओढून घेतो, दाबतो, दाबल्याने ती तापते. पुढच्या जाळीवर, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तिला बाहेरचा वारा लागतो आणि ती पुन्हा पातळ होते. मग एका अरुंद छिद्रातून सुटून पुन्हा कॉइलमध्ये, पुन्हा वाफ. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. "तो संपत नसतोय ताई. गेला तर कुठून तरी गेला."

आणि त्या गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचे तेल फिरते. गॅस कमी झाला की तेल परत येईनासे होते. कॉम्प्रेसर कोरडा फिरतो, घासतो, आणि एके दिवशी पुलाखाली किंकाळी फोडतो. मी थोड्या गार हवेच्या लोभाने बटण दाबून हाकत होते, तेव्हा त्याच्या कोरड्या पोटात सांधे झिजत होते.

गळती कुठे होती? कंडेन्सरला येणाऱ्या पाइपच्या सांध्यावर तेलाचा ओलसर डाग होता, त्यावर तीन वर्षांची वारज्याची धूळ बसून काळी वडी झाली होती. त्यांनी सांधा खोलला आणि एक चिरलेली रबरी कडी माझ्या तळहातावर ठेवली. किंमत चाळीस रुपये. तीन वेळा भरलेल्या गॅसचे सहा हजार झाले होते. ते सगळे या अंगठीच्या भेगेतून वारज्याच्या आकाशात गेले होते. १९८७ सालच्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर फाडणारा जुना गॅस मोटारींतून गेला आणि हा आला. हा ओझोनला काही करीत नाही, पण पृथ्वी तापवण्याच्या कामी शंभर वर्षांच्या हिशेबात हा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे तेराशे किलोंहून अधिक! पर्यावरण-दिनाला मी दर वर्षी निबंधस्पर्धेची परीक्षक असते.

"आता खर्चाचं सांगा," मी म्हटले. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

त्यांनी सांगितले ते असे. नुसता कॉम्प्रेसर बदलणारे पुष्कळ आहेत. पण ते चूर्ण पुढे कंडेन्सरमध्ये गेले आहे, त्याच्या नळ्या केसासारख्या बारीक, धुऊनही निघत नाहीत. नवा कॉम्प्रेसर तेच चूर्ण खाऊन महिन्याभरात मरेल. म्हणून कंडेन्सर बदलायचा, छिद्राचा व्हॉल्व्ह बदलायचा, ओल शोषणारी पुडी बदलायची, ती कंडेन्सरबरोबरच येते. बाकीचे पाइप आणि कॉइल धुऊन चालतील. नाना पेठेतला नवा कॉम्प्रेसर ९,८००, कंडेन्सर ३,२००, व्हॉल्व्ह ६५०, तेल आणि गॅस २,०००, कडी ४०, मजुरी २,५००. एकूण १८,१९०. "जुन्या बाजारातला घेऊ नका. त्याच्या पोटात काय आहे ते त्याच्या मालकालाही ठाऊक नसतंय."

माझ्याकडे पंधरा होते. माझा चेहरा वाचता येण्यासारखा असावा. ते म्हणाले, "मजुरी जूनमध्ये द्या की. कुठं पळून जाताय."

वाचकहो, येथे मी अडखळले. तीन वर्षांत कोणीही दिला नव्हता इतका चांगला प्रस्ताव होता आणि तो मला घेता येईना. केलेल्या कामाचे पैसे 'जूनमध्ये' मिळणे म्हणजे काय, हे या गल्लीत मजइतके कोणाला ठाऊक असणार? प्राचार्यांच्या दारात बिलाची तिसरी प्रत घेऊन उभी राहणारी मी, त्या माणसाच्या अडीच हजारांना कोणत्या तोंडाने थांबवू? मी म्हटले, "नको. सगळे पैसे जमले की येते. तोवर गाडी चालण्यापुरती करून द्या."

ते त्यांनी दहा मिनिटांत केले. आमच्या गाडीत एसीचा पट्टा वेगळा आहे. तो काढून माझ्या हाती दिला आणि पाइपांची तोंडे धूळ-ओल जाऊ नये म्हणून बांधून टाकली. "पट्टा एकच असता तर एवढं सोपं नव्हतं." घरी आल्यावर मी वाचले, की १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने गार हवेची मोटार प्रथम विकायला काढली, तेव्हा त्या यंत्राने सामानाची अर्धीअधिक जागा खाल्ली होती, आणि कॉम्प्रेसर थांबवायला क्लचच नव्हता, हिवाळ्यात बंद ठेवायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा. म्हणजे आमची गाडी काही दिवस पॅकार्डच झाली. त्याच बैठकीत कळले, की १९०२ साली विलिस कॅरियर याने हवा आटोक्यात आणण्याचे पहिले यंत्र माणसांसाठी केलेच नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यातला कागद दमट हवेने फुगे आणि रंगावर रंग बसत नसे, म्हणून केले होते. दिवाळी अंकांची रंगीत मुखपृष्ठे निघतात त्या धंद्याचेच हे अपत्य. संपादकांना हा विषय सणाला न शोभणारा वाटला तर त्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

त्या महिन्याभरात सासूबाईंचे काय केले? मिस्त्रींनीच जाता जाता हातमोज्यांच्या खणामागून एक चौकोनी गाळणी ओढून काढली होती. ती गादीतल्या कापसासारखी दिसत होती. "ही आहे हे माहीत नव्हतं?" माहीत नव्हते. तीनशे रुपयांची नवी बसवली. मग डॉक्टरांना सकाळची आठची पहिली वेळ मागितली. सात वाजता निघायचे, डंपर सुरू होण्याआधी आणि ऊन चढण्याआधी. काचा बंद, पंखा तीनवर, गाळलेली हवा. गार नव्हती, पण स्वच्छ होती. पुण्याची सकाळ एप्रिलमध्येही अजून थोडी शाबूत असते. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, त्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिसच म्हणतात. येताना त्यांनी थोडा गारवा बरोबर आणला असता तर बरे झाले असते, असे मी म्हटले. सासूबाई हसल्या. हसताना शीळ वाजली नाही.

तीन हजार एकशे नव्वदांचा प्रश्न मात्र तसाच होता. मी घरात बोलले नव्हते. एका दुपारी मी वहीत आकडे मांडत असता सासूबाई आपली लाल वही घेऊन आल्या. त्यांची हिशेबाची वही आहे, एवढे मला ठाऊक होते. तिच्यात दुधाचे खाडे असतात अशी माझी समजूत. त्यांनी एक पान उघडून दिले. गेल्या दिवाळीपासून डॉक्टरांकडच्या अकरा खेपा, तारखांसह. प्रत्येकीपुढे, 'रिक्षा जाऊन-येऊन ३००'.

"रिक्षाने गेले असते तर एवढे लागलेच असते," त्या म्हणाल्या. "तेहतीसशे. मोजून घे."

"आई, असं भाडं कोणी घेतं का?"

"मग गाडी फुकट चालते का?" त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या. "आणि उरलेले एकशे दहा परत दे. वहीत जमा दाखवायचेत."

मी परत दिले. त्यांनी ते चष्मा लावून मोजले. घरातल्या माणसाकडून घेतलेले पैसे उपकार होऊ नयेत याची जी कलाकुसर त्यांना येते, ती मला अजून साधलेली नाही. मिस्त्रींना मात्र मला 'जूनमध्ये' म्हणावे लागले नाही.

काम दीड दिवस चालले. भाग बसवल्यावर त्यांनी पाऊण तास पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली, मग पंप बंद करून काटा बघत चहा घेतला. काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. "तुमच्या आधीच्या तिघांनी हा चहा प्यायला असता तर बरं झालं असतं." गॅस त्यांनी अंदाजाने भरला नाही, वजनकाट्यावर डबा ठेवून, गाडीच्या पुढच्या पत्र्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या ग्रॅमांबरहुकूम भरला. ती चिठ्ठी तीन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होती. चिरलेली कडी मी मागून घेतली. ती माझ्या खडूच्या डबीत आहे.

निघताना त्यांनी एक पथ्य सांगितले. थंडीत एसी लागत नाही म्हणून चार महिने बंद ठेवायचा नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चालवायचा, म्हणजे तेल फिरते आणि कड्या सुकत नाहीत.

म्हणून गेल्या रविवारी पहाटे, कार्तिकाची थंडी पडू लागलेली असताना, आम्ही दोघी काचा लावून एनडीए रस्त्याने निघालो. सासूबाई पुढच्या आसनावर बसतात. भाडे दिल्यापासून तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी शाल पांघरली होती, कानटोपी घातली होती आणि हातात घड्याळ धरले होते. मी बटण दाबले. गार हवा आली. त्यांनी टोपी कानांवर आणखी ओढली.

"सात मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "अजून तीन."